वॉर्ड क्रमांक मेटाफर

आई इंग्रजीत पास झाली. शंभरपैकी चौसष्ट.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. निकाल अजून लागायचाय, परीक्षा व्हायचीय, आणि आई आत्ता ओट्याशी उभी राहून ‘नो सूनर’च्या पुढे काय येतं ते आठवतेय. कृपा करून तिला सांगू नका. तिला कळलं तर ती अभ्यास सोडून देईल, मग नापास होईल, आणि पहिलं वाक्य मला खोडावं लागेल.

तर सुरुवातीपासून.

माझी आई एका मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत काम करते. दवाखाना बारा वॉर्डांचा. सगळ्या वॉर्डांच्या चादरी, अभ्रे, पडदे, डॉक्टरांचे डगले मागच्या बैठ्या इमारतीत येतात, धुतले जातात, गरम रोलरमधून सपाट होऊन निघतात आणि घड्या होऊन आपापल्या वॉर्डात परत जातात. आई तिथली प्रभारी प्रमुख आहे. प्रभारी म्हणजे खरा प्रमुख येईपर्यंत. खरा प्रमुख गेली नऊ वर्षं येतोय. कुठून निघालाय कुणाला ठाऊक नाही, पण चालत येत असावा.

आईच खरी प्रमुख का होत नाही, तर ती नियमात बसत नाही. प्रमुख माणूस शाळेच्या शेवटच्या परीक्षेत इंग्रजी पास असावा लागतो. का, तर साबणाच्या पिंपांवरच्या सूचना त्याला वाचता आल्या पाहिजेत. पिंपांवरच्या सूचना चित्रांत आहेत. एक हात, हातावर थेंब, त्यावर फुली. आई हे चित्र अठ्ठावीस वर्षं बिनचूक वाचतेय. पण ते तिने इंग्रजीतून वाचायला हवं, असं दवाखान्याचं म्हणणं.

यंदा पत्र आलं. वर्षअखेर जागा भरायचीच. आई इंग्रजी पास झाली तर आई, नाहीतर बाहेरून एक गृहस्थ. ते गृहस्थ एकदा लाँड्री बघून गेले. ऑपरेशनच्या टेबलावर घालायचं कापड उचलून त्यांनी विचारलं, “हा पडदा कुठल्या खिडकीचा?” आईने त्यांच्या हातून कापड काढून घेतलं, घडी घातली, आणि संध्याकाळी घरी येऊन माळ्यावरची माझी जुनी इंग्रजीची पुस्तकं खाली काढली.

“ही इतकी कोरी कशी गं?”

“जपून वापरली,” मी म्हटलं.

मी एकोणीस वर्षांची आहे आणि इंग्रजीत दोनदा नापास झालेली आहे. दोन्ही वेळा स्वतःच्या बळावर, कुणाचीही मदत न घेता. तिसऱ्यांदा बसायचं होतंच. म्हणून आईने दोघींची नावं एकाच क्लासात घातली आणि आम्ही एकाच बाकावर बसू लागलो. आई मला खिडकीची बाजू देत नसे. म्हणे, तुझं लक्ष बाहेर जातं. मग ती स्वतः खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवर कुणी धुणं उलटं वाळत घातलंय ते बघत राही.

क्लास चष्म्याच्या दुकानाच्या वर भरतो. फळ्याशेजारी, खाली जागा नाही म्हणून दुकानदाराने ठेवायला दिलेला, डोळे तपासायचा तक्ता टांगलेला असतो. पहिल्या दिवशी आईने तो शब्दार्थ समजून वहीत उतरवून घेतला. सगळ्यात खालची ओळ दिसेना, म्हणून हात वर केला.

“सर, ती शेवटची ओळ काय आहे?”

सरांनी वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “ती मलाही येत नाही, ताई.”

तेव्हापासून आईचा सरांवर विश्वास बसला.

सरांना सगळे ‘नो-सूनर सर’ म्हणतात. त्यांच्या मते परीक्षेची अख्खी इमारत ‘नो सूनर’ आणि ‘दॅन’ या दोन खांबांवर उभी आहे, बाकी सगळा गिलावा. उदाहरण एकच. चोराला पोलीस दिसला न दिसला तोच चोर पळाला. वीस वर्षं फळ्यावर तोच चोर त्याच पोलिसाला बघून पळतोय. पोलिसाला बढती मिळालेली नाही.

व्याकरण आईला जमलं. ‘अनलेस’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’, ‘नॉट ओन्ली बट ऑल्सो’ हे सगळं तिने यंत्रांच्या बटणांसारखं पाठ केलं. हे दाबलं की पाणी, ते दाबलं की वाफ. अडलं ते फिगर्स ऑफ स्पीचपाशी. बारा नावं, बारा व्याख्या, आणि पेपरात ओळ देऊन विचारणार, यात कुठला अलंकार आहे ते ओळखा. पंधरा गुण. आई जेवताना बाराच्या बारा म्हणून दाखवायची. ताट घासून होईपर्यंत दोन उरायची.

“पाण्याबरोबर जातात गं,” ती म्हणायची. “माझा हात पाण्यात गेला की संपलं.”

खरं म्हणजे आईची स्मरणशक्ती भयंकर आहे, फक्त ती डोक्यात नाही. डोळे मिटून तिच्या हातात कुठलीही चादर द्या. ती कड चाचपून सांगेल, चार नंबर, गेल्या वर्षीचा लॉट, पायाकडच्या कोपऱ्यात औषधाचा डाग, दोनदा रफू. हजार-बाराशे चादरी तिला तोंडपाठ आहेत. मला एकटीला जन्माला घातलंय, तर माझा वाढदिवस दरवर्षी कॅलेंडरात बघते.

“मग चादरींवरच लिही ना शब्द,” मी म्हटलं.

हा विनोद होता. पण आमच्या घरात माझ्या विनोदांची अंमलबजावणी होते. लहानपणी मी एकदा म्हटलं होतं की बाबांना चढउतार एवढे आवडतात तर त्यांनी लिफ्ट चालवावी. बाबा आता त्याच दवाखान्यात लिफ्ट चालवतात.

दुसऱ्या दिवशी आई शिंप्याचा खडू घेऊन कामावर गेली. रात्री जेवताना तिने वाटपाचा आराखडा सांगितला. शब्द बारा, वॉर्ड बारा. एकेका वॉर्डाला एकेक शब्द, आणि तोही स्वभाव बघून.

“तीन नंबर पोरांचा. तिथे दिवसभर भ्यांऽ, खूं खूं, धप्प. आवाजच आवाज. त्याला दिलं ऑनोमॅटोपिया.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. मला धक्काच बसला.

“पाच नंबर बाळंतिणींचा. सगळे नातेवाईक येऊन एकच सांगतात, बाळ आजीसारखं, बाळ काकासारखं. त्याला सिमिली. अकरा नंबरात माणसं गप्प असतात आणि यंत्रं बोलतात. एक यंत्र तर रडतं. त्याला पर्सॉनिफिकेशन.”

“आणि नऊ?”

“नऊ म्हणजे पुरुषांचा जनरल. तिथे प्रत्येक जण मरायला टेकलेला असतो आणि जेवण दोनदा मागतो. हायपरबोली.”

बाबा घास हातात धरून ऐकत होते. “आणि सहा?” त्यांनी विचारलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंट सहा नंबरात ठेवतात. बाबाच त्यांना खाली नेतात.

आई थांबली. “मेटाफर. इतर ठिकाणी माणूस म्हणतो, मी दगडासारखा झालोय. सहा नंबरात तसं म्हणत नाही कुणी. तिथे तो दगडच असतो.”

बाबांनी घास खाल्ला. मी वहीत लिहून घेतलं, आणि सांगायला हरकत नाही, दोनदा नापास होऊनही जे मला कळलं नव्हतं ते त्या रात्री कळलं.

खडूची पद्धत झकास चालली. आई घडी घालताना कोपऱ्यात शब्द लिहायची, मनात व्याख्या म्हणायची, चादर वॉर्डात जायची, परत यायची, धुण्यात खडू जायचा, आई पुन्हा लिहायची. रोलरवर काम करणाऱ्या मावशींनाही दहा शब्द पाठ झाले. “मला परीक्षा नाही म्हणून लवकर झाले,” त्या म्हणायच्या. परीक्षेला महिना उरला तेव्हा आई बारापैकी दहावर आली होती.

आणि मग नव्या चादरींचा लॉट आला.

नव्या कोऱ्या चादरी आल्या की मार्किंग करावं लागतं. कडेवर वॉर्डचा नंबर घालायचा, तोही खास शाईने. ही शाई धुण्याने जात नाही, उकळून जात नाही, ब्लीचने जात नाही. चादर फाटून तिचं फडकं होतं तरी नंबर शिल्लक असतो. त्या दिवशी एकशे चव्वेचाळीस चादरी होत्या, प्रत्येक वॉर्डाला बारा. आई मार्किंगच्या टेबलाशी बसली. हातात शाईचा पेन, तोंडात व्याख्या. अठ्ठावीस वर्षांचा सराव असल्यामुळे मार्किंग करताना ती हाताकडे बघत नाही. हातही तिच्याकडे बघत नाही.

दीड तासाने रोलरमावशी चहा घेऊन आल्या. त्यांनी वरची चादर बघितली, खालची बघितली, मधली ओढून बघितली आणि कप खाली ठेवला.

“अगं बाई, नंबर कुठायत?”

नंबर नव्हते. एकाही चादरीवर नव्हते. एकशे चव्वेचाळीस चादरींवर आईच्या सुवाच्य अक्षरात फिगर्स ऑफ स्पीच होत्या. ऑनोमॅटोपियाला तर अर्धी कड लागली होती. स्पेलिंग सगळी बरोबर होती. एकही चूक नाही. आई त्या दिवशी घरी येऊन रडली, आणि मध्येच थांबून म्हणाली, “पण ऑनोमॅटोपिया बाराही वेळा बरोबर आलं,” आणि परत रडली.

नंबर नाही म्हणजे चादर कुणाचीच नाही. पण चादरी तर वॉर्डांना हव्या होत्या, जुन्या विरल्या होत्या. आईने डोळे पुसले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, सिमिली पाचात, मेटाफर सहात, हायपरबोली नवात. गाड्या ढकलणाऱ्या पोरींनी माना डोलावल्या. “ते माहितीय आम्हाला,” एक म्हणाली. “पण अ‍ॅलिटरेशन दोनात का सातात?” रोलरमावशींनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला ते आयुष्यभर आठवेल.

पुढच्या बातम्या बाबांकडून यायच्या. लिफ्टमध्ये माणसं बाबांसमोर काहीही बोलतात. त्यांना वाटतं बाबा लिफ्टचा भाग आहेत.

“आज एका पेशंटच्या भावाने विचारलं, हायपरबोली पसरतो का.”

“मग?”

“शिकाऊ डॉक्टर म्हणाला, या मजल्याच्या बाहेर गेलेला नाही अजून.”

दोन आठवडे सगळं सुरळीत होतं. मग भांडार अधिकाऱ्यांच्या पोटात दुखलं.

भांडार अधिकारी म्हणजे दवाखान्यातल्या प्रत्येक वस्तूचे मालक. सुईपासून पलंगापर्यंत सगळं त्यांच्या सहीने येतं आणि त्यांच्या सहीने मोडीत निघतं. वाईट माणूस नाही. फक्त त्यांना वाटतं की नोंद नसलेली वस्तू अस्तित्वात नसते. तर त्यांना नऊ नंबरात भरती केलं. ते इतके ओरडले की बाबांना तळमजल्यावर लिफ्टमध्ये ऐकू आलं. तपासणीत निघाला गॅस. तासाभराने बरं वाटल्यावर त्यांनी कुशीवर वळून डोळे उघडले, तर नाकासमोर, चादरीच्या कडेवर, न पुसणाऱ्या शाईत एक इंग्रजी शब्द. साहेबांना इंग्रजी येतं. त्यांना अर्थ कळला.

दुसऱ्या दिवशी ते लाँड्रीत हजर. हातात चादर.

“हे काय आहे?”

“हायपरबोली, साहेब,” आई म्हणाली.

“हे माझ्याबद्दल आहे का?”

“नाही साहेब. हे नऊ नंबरबद्दल आहे.”

साहेबांनी दुसरी चादर उचलली. “आणि हे?”

“मेटाफर.”

“म्हणजे?”

“सहा नंबर.”

नोटीस संध्याकाळी आली. अधिकृत खुणेऐवजी अनधिकृत मजकूर घालून एकशे चव्वेचाळीस चादरी खराब केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा प्रमुखपदासाठी आपल्या नावाचा विचार होणार नाही. आणि शेवटी, टीप म्हणून: मुख्य कार्यालयाशी पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असल्याने खुलासा इंग्रजीत असावा.

परीक्षा अकरा दिवसांवर होती.

“मी लिहून देते,” मी म्हटलं. चादरींवर लिहायची कल्पना मुळात माझी होती. चौकशीत हे कुणी विचारलं नाही, म्हणून इथे कबूल करते.

आईने माझ्याकडे बघितलं. “कार्टे, तू दोनदा नापास आहेस.”

“अनुभव आहे म्हणजे.”

“गप बस. माझी चूक, माझं इंग्रजी.”

तीन संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून लिहीत होती. बसून तिला सुचत नाही. बाबा शब्दकोश धरून बाजूला उभे. ती एक शब्द विचारायची, बाबा पानं उलटायचे, आणि सवयीने म्हणायचे, “वर का खाली?” तिसऱ्या दिवशी खुलासा क्लासात सरांना दाखवायला नेला. मी खांद्यावरून वाचला. इंग्रजी कसं होतं ते सांगत नाही. क्रियापदं जिथे जागा मिळाली तिथे बसली होती. पण मजकूर असा होता:

कापडाला कुणी विचारत नाही, तू कुठलं. त्याच्यावर लिहिलेलं वाचतात आणि तिथे नेऊन टाकतात. माझ्यावर नऊ वर्षांपूर्वी ‘प्रभारी’ असं लिहिलं. मार्किंगच्या शाईने लिहिलं. मी रोज धुते, जात नाही. म्हणून मी शब्द शिकत होते. शिकताना माझा हात चुकला. चादरी चुकल्या नाहीत. मोजून बघावं.

सरांनी दोनदा वाचलं. लाल पेन उघडला. मग त्यांना शिक्षकाची सवय अनावर झाली.

“ताई, यात कुठली फिगर ऑफ स्पीच आहे, ओळखा बघू?”

“हा खुलासा आहे, सर,” आई म्हणाली.

सरांनी पेनाला टोपण लावलं. शेवटी एक पूर्णविराम राहिला होता, तेवढा आपल्या साध्या निळ्या पेनाने दिला. मग फळ्याकडे वळून उदाहरण लिहायला घेतलं, आणि त्या दिवशी वीस वर्षांत पहिल्यांदा पोलिसाने चोराला पकडलं. अख्खा वर्ग उठून बसला. एकाने टाळी वाजवली.

खुलासा दिला. साहेबांनी वाचला आणि ‘मोजून बघावं’ हे शब्द त्यांना लागले. मोजणं हा त्यांचा प्रांत. त्यांच्या प्रांतात येऊन कुणी असं म्हणणं म्हणजे हद्दच. ते वही, पेन आणि दोन कारकून घेऊन बाराही वॉर्डांत फिरले.

आता इथे सहा आणि नऊची भानगड सांगायला हवी. इंग्रजी आकड्यातला सहा उलटा धरला की नऊ होतो. हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण याचा त्रास फक्त लाँड्रीला होतो, कारण चादरीला वर-खाली नसतं. सहाच्या चादरी नवात, नवाच्या सहात, हे दवाखाना सुरू झाल्यापासून चालू आहे. सहाखाली रेघ मारायची पद्धत होती, पण रेघ शिवणीत हरवते. दरवर्षी मोजदादीत सहा आणि नऊ जुळत नाहीत, दरवर्षी साहेब दोन्हीकडच्या नर्सना बोलतात, दरवर्षी नर्स एकमेकींशी बोलणं सोडतात.

साहेबांनी मोजलं. जुन्या, नंबरवाल्या चादरी: सहाच्या एकोणीस नवात, नवाच्या बावीस सहात, तीनची एक स्वयंपाकघरात. नव्या, अनधिकृत मजकुराच्या चादरी: बारा वॉर्डांत बारा बारा. एकही हरवलेली नाही, एकही भरकटलेली नाही. मेटाफर कशीही धरली तरी हायपरबोली होत नाही. साहेबांनी धरून बघितली. बाबांनी पाहिलंय. लिफ्टमध्ये साहेब एकटे चादर उलटी करत होते.

ते लाँड्रीत आले.

“बाई, खुलासा मी वाचला. सगळा कळला असं म्हणत नाही.”

“हो साहेब.”

“परीक्षा कधी आहे?”

“सोमवारी.”

“ठीक. नापास झालात तर ही चूक. मग मला कारवाई करावी लागेल, आणि ते पडदेवाले गृहस्थ येतील.” त्यांनाही तो किस्सा माहीत होता तर. “पास झालात, तर ही पद्धत.”

एवढं बोलून ते गेले. आईने त्या दिवशी पहिल्यांदा रोलर वेळेआधी बंद केला.

सोमवारी आम्ही दोघी गेलो. एकाच हॉलमध्ये नंबर आला, आई माझ्यापुढे तीन बाकं. आजूबाजूला सगळे आमच्यासारखेच, कुणी दोनदा बसलेले, कुणी पाचदा, एक आजोबा म्हणे सवयीने येतात. पेपर आला. ‘नो सूनर’ होतं. निबंध होता, ‘माझं काम’. मी काम करत नाही, म्हणून मी आईचं लिहिलं. तीच पुढे बसून तेच लिहीत असणार, हे मला अर्ध्यावर सुचलं. परीक्षकाला वाटेल नक्कल केली. पण खोडायला वेळ नव्हता.

मग पाचवा प्रश्न. अलंकार ओळखा. मी मान वर केली आणि बघितलं, आई थांबलीय. पेन खाली. पाठ ताठ. तिच्या पाठीवरून मला कळलं की पाण्याबरोबर गेले. सगळेच्या सगळे गेले.

मी काही करू शकत नव्हते. केलं असतं तर चुकीचं सांगितलं असतं.

मग आईने दोन्ही हात वर उचलले. हवेत. चिमटीत दोन कोपरे धरल्यासारखे. कोपऱ्याला कोपरा लावला, मधे हात फिरवून सुरकुती काढली, परत दुमडलं, आणि अंगठा कडेवरून हळूच फिरवला. पर्यवेक्षिका बाई लगबगीने आल्या.

“काय चाललंय?”

“घडी घालतेय.”

“कसली घडी?”

“तीन नंबर वॉर्डाची.”

बाईंनी आईचे तळहात तपासले. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे खूप लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत नव्हतं. बाईंनी बाकाखाली वाकून पाहिलं, हवेत पाहिलं. हवेत घडी घालायची नाही असा नियम त्यांच्या पुस्तिकेत सापडला नाही. त्या माझ्याकडे वळल्या, कारण मी हसत होते.

“तुम्ही यांच्या कोण?”

“आम्ही एका बाकावर असतो,” मी म्हटलं.

आईने बारा घड्या घातल्या. आजोबा पेपर सोडून बघत होते. मग तिने पेन उचलला आणि थांबली नाही.

निकाल दीड महिन्याने लागला. तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते: आई चौसष्ट. अलंकारांत पंधरापैकी पंधरा. मीही पास झाले, सदतीस. पण ही बातमी घरात तिसऱ्या दिवशी पोहोचली, कारण पहिले दोन दिवस बाबा प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून आईचे गुण सांगत होते. दोन पेशंट त्यामुळे चुकीच्या मजल्यावर उतरले. त्यांनाही आनंद झाला.

सरांनी क्लासाच्या पाटीवर आईचं नाव लावलं. माझं लावलं नाही. म्हणाले, “तुझं लावलं तर क्लास बंद पडेल.”

साहेबांनी लेखी आदेश काढला की सदर चादरी ‘चुकीच्या खुणेच्या पण योग्य’ या नव्या रकान्यात धराव्यात. तो रकाना त्यांनी स्वतः पट्टीने आखला. आणि तोंडी आदेश, जो त्यांनी आजूबाजूला बघून दिला, असा की पुढचा लॉट आला की बाई, तेच लिहा. फक्त नवाचं काहीतरी दुसरं बघा.

आईने नवाचं बदललं नाही.

मग परवा पत्र आलं. शिक्क्याचं, जाड कागदाचं. आई लाँड्रीची प्रमुख. प्रभारी हा शब्द कुठेही नाही, मी तीनदा शोधला. आईने पत्र टेबलावर ठेवलं, तळहाताने सपाट केलं, अंगठा कडेवरून फिरवला, आणि स्वतः इंग्रजीतून मोठ्याने वाचलं. बाबा उभे राहून ऐकत होते. चौथ्या ओळीत ती अडली. एक शब्द नवीन होता. बाबांनी शब्दकोश आणला. ‘प्रमुख’च्या आधी ‘प्रोबेशनरी’ लिहिलं होतं. शब्दकोशात निघालं, परिविक्षाधीन. म्हणजे सहा महिने तिचं काम बघणार आणि मग ठरवणार.

अठ्ठावीस वर्षं झाली. त्यांनी बहुतेक डोळे आता उघडले.

आई हसली. खरंच हसली. “सहाच महिने गं,” म्हणाली. “नऊ वर्षांपुढे सहा महिने म्हणजे एक धुणं. जाईल.” आणि ओट्याकडे वळली. पण मी पत्र उजेडात धरून पाहिलं, आणि मला एक गोष्ट दिसली जी कुणाला दिसली नव्हती. म्हणून मी खालील अर्ज आज टपालात टाकला आहे.

प्रति,
मा. भांडार अधिकारी यांस,

विषय: नेमणुकीचं पत्र धुण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

माझ्या आईला दिलेल्या नेमणूक पत्रातील चौथ्या ओळीतला ‘परिविक्षाधीन’ हा शब्द साध्या शाईत लिहिला असून मार्किंगच्या शाईत लिहिलेला नाही, असं बारकाईने पाहता आढळून आलं. ‘प्रमुख’ हा शब्द मात्र शिक्क्याखाली आल्याने पक्का दिसतो. तरी नम्र विनंती की, सदर पत्र यंत्र क्रमांक दोनमध्ये, गरम पाण्यात, सहा नंबरच्या चादरींबरोबर एकदा फिरवून घेण्यास परवानगी द्यावी. धुतल्यावर जे शिल्लक राहील ते अधिकृत मानावं. पत्राला इस्त्री आमची आम्ही करू.

उत्तर इंग्रजीतून दिलं तरी चालेल. आता आमच्याकडे वाचायला माणूस आहे.

आपली विश्वासू,
प्रमुखांची मुलगी (सदतीस गुण)

सोबत: मूळ पत्र, कोरडं.